रंधे सात, स्टूल एक

मी लेखापरीक्षक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या खर्चाच्या पावत्या बघायच्या आणि ‘हे कशाला घेतलं?’ असं विचारायचं, हे माझं काम. सुतारकाम हा शनिवार-रविवारचा छंद. त्या छंदाच्या पावत्यांकडे मात्र चार वर्षं मी ढुंकून पाहिलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी बाल्कनीच्या दाराआड अडकलेली खोकी सरकवता सरकवता नवऱ्याने विचारलं, “अगं, यातलं वापरतेस किती?” मी तोऱ्यात म्हटलं, “सगळं!” आणि मग ते सिद्ध करायला बसले.

जुनी चादर अंथरली, सगळी हत्यारं तिच्यावर मांडली. मोजली तर ६३. वहीत तीन रकाने आखले: कधी घेतलं, शेवटचं कधी वापरलं, त्यातून काय तयार झालं. पहिला रकाना फोनमधल्या पावत्यांवरून झरझर भरला. दुसऱ्यात आठवून आठवून लिहावं लागलं. तिसरा जवळजवळ कोराच राहिला. लाकूड तासून सपाट करायचे सात रंधे, खाचा कोरायच्या अकरा पटाश्या, एकाच जातीच्या चार करवती आणि पुरं झालेलं स्टूल एक. तेही डुगडुगतं. मुलगी म्हणाली, “आई, याच्यावर बसायचं की याला धरून ठेवायचं?”

तुमच्याकडेही खोक्यांचा असा ढीग असेल, किंवा नुकताच छंद लागला असेल आणि रात्री बोट ‘खरेदी करा’वर घुटमळत असेल, तर पुढचं वाचा. आधी तेच करा जे मी केलं. चादर, वही, तीन रकाने. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा, म्हणजे तिसऱ्या रकान्यात थापा मारता येत नाहीत.

सात रंधे कसे झाले

पहिला रंधा घेतला चार नंबरचा. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रंध्याच्या रचनेचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली घेतले आणि पुढे त्या लोखंडी रंध्यांचे लांबीनुसार १ ते ८ असे नंबर जगभर रूढ झाले. चार नंबर साधारण ९ इंच लांब, पाच नंबर १४, सात नंबर २२. मधूनच साडेचार आणि साडेपाचही आहेत. हे नंबरच घात करतात. चार आहे, पाच आहे, मग सहा कुठे? पत्त्यांच्या डावात एक पान हरवल्यासारखं वाटत राहतं.

माझ्या चार नंबरने फळी गुळगुळीत होईना. गाठीजवळ लाकडाचे रेषे उपटून यायचे, खड्डे पडायचे. कुठेतरी वाचलं की अशा लाकडाला कमी कोनात बसवलेल्या पात्याचा रंधा लागतो. घेतला. खड्डे तसेच. मग फळी मुळात सपाट नसेल म्हणून लांब रंधा घेतला, कडा मारायला छोटा ठोकळी रंधा घेतला, जुन्या बाजारातून लाकडी रंधा आणला, आणि असं करत सात झाले. या सातांपैकी एकाच्याही पात्याला मी धार लावली नव्हती. नवीन हत्यार म्हणजे धारदार, असं मी धरून चालले होते. बहुतेक रंध्यांची पाती कारखान्यातून यंत्रावर घासून येतात, त्यावरची शेवटची बारीक धार आपणच लावायची असते, हे मला सातव्या रंध्यानंतर कळलं.

धार लावायला शिकले त्या दिवशी पहिलाच चार नंबर काढला. पात्याची मागची बाजू, टोकाजवळची बोटभर, दगडावर आरशासारखी केली. मूळ उतार २५ अंशांचा होता तो ठेवला, टोकाला ३० अंशांवर दोन-चार हात मारले. आधी १००० ग्रिटचा दगड, मग ६०००चा (आकडा मोठा तितका दगड बारीक), शेवटी चामड्याच्या पट्टीवर. पात्यावर बसणारी, रेषे उपटू न देणारी जोडपट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरहून जवळ आणली. पाइनचा तुकडा घेऊन त्याचं आडवं टोक पात्याने हाताने कापून पाहिलं. मऊ लाकडाचं टोक भुसभुशीत न होता चकचकीत कापलं गेलं, तर धार बसली समजायचं. मग तीच गाठीची फळी. खड्डे पडले नाहीत. कागदासारखी पातळ, लांब साल निघाली आणि मी ती नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर नेऊन ठेवली.

थोडक्यात, सहा रंधे मी एका बोथट पात्यापायी घेतले. म्हणून पहिली सूचना: धार लावायला येत नाही तोवर कापणारं एकही नवं हत्यार घेऊ नका. दोन बाजूंचा एक दगड, किंवा जाड काचेवर चिकटवलेला पॉलिशपेपर. एवढ्यावर महिनाभर घालवा.

पावत्यांवरची वेळ

आता लेखापरीक्षकाची खोड. पावत्यांवर तारखेबरोबर वेळही असते. मी ६३ वस्तूंच्या वेळा एका रांगेत लिहिल्या, आणि त्या बघून जरा गप्पच बसले. ४१ वस्तू रात्री साडेदहा ते साडेबारा या वेळात मागवलेल्या. बहुतेक कामाच्या दिवशी. म्हणजे लाकडावर हात चालवावासा वाटतोय, पण शेजारी झोपलेत, मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, मारता येत नाही, करवत चालवता येत नाही, अशा वेळी. हत्यार मागवणं हे माझं बिनआवाजाचं सुतारकाम होतं!

मोहाशी कुस्ती खेळायचं मी तेव्हापासून सोडून दिलं. त्या दोन तासांना दुसरं काम दिलं. बिनआवाजाची कामं खरं तर पुष्कळ असतात आणि नेमकी तीच आपण टाळत असतो. पटाश्यांना धार. पुढच्या वस्तूचं मापासकट चित्र. कुठल्या फळीतून कुठला तुकडा निघेल याची यादी. चाकूने खुणा. शनिवारी सकाळी जुळणीच्या खुणा तयार असल्या की काम किती पळतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तेल आणि मेण लावणंही रात्रीचंच काम. (तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलासारखं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.)

तुमची वेळ वेगळी असेल. कुणाची पगाराच्या दिवशीची, कुणाची व्हिडिओ बघून झाल्या झाल्याची, कुणाची काम बिघडल्यावर लगेचची. पावत्या काढा आणि वेळ बघा. आपल्याला वाटत असतं त्यापेक्षा वेगळंच काहीतरी तिथे लिहिलेलं असतं.

वहीत हत्याराचं नाव लिहायचं नाही

इच्छांची यादी करून ठेवा, महिनाभर थांबा, असं बरेच जण सांगतात. मी केलं होतं. महिनाभरात यादी वाढली आणि प्रत्येक वस्तूवर महिनाभर विचार झाल्यामुळे ती जास्तच हवीशी वाटू लागली. यादीत हत्याराचं नाव लिहिलं की निम्मी खरेदी झालीच.

आता माझ्या वहीत फक्त काय अडलं ते लिहिते. ‘फळीचं टोक काटकोनात कापलं जात नाही, १ मिलिमीटरने तिरकं.’ ‘ड्रॉवरच्या तळाची खाच खडबडीत.’ ‘चारही पाय चिकटवताना धरायला हात कमी पडले.’ खाली तीन प्रश्न. धार होती का? खूण चाकूने केली होती का पेन्सिलने? लाकूड पुरतं सुकलेलं होतं का? या तिघांपैकी एकाचं उत्तर ‘नाही’ असलं की विषय तिथेच थांबतो, आधी ते करायचं.

तिन्ही उत्तरं ‘हो’ असली आणि तरी अडलं, तर एक फुली मारायची. तीच अडचण वेगवेगळ्या तीन वस्तूंमध्ये आली, तीन फुल्या झाल्या, तरच हत्यार. एकाच कपाटात दहा वेळा अडलं तरी फुली एकच, कारण एका कपाटापुरता जुगाड करता येतो. शिवाय एक अट: ज्या कामासाठी हत्यार हवंय त्याचं लाकूड घरात आलेलं पाहिजे आणि मापं लिहिलेली पाहिजेत. ही अट मला सगळ्यात जाचक वाटली आणि तिचाच उपयोग सगळ्यात जास्त झाला. लाकूड घरात आलं की ते डोळ्यांपुढे उभं राहतं आणि आहे त्या हत्यारांनी काम सुरू होतं.

ते तिरकं टोक घ्या. त्यापायी मी विजेवर चालणारी कोनात कापणारी करवत घ्यायला निघाले होते. त्याऐवजी एका दुपारी उरलेल्या प्लायची रंधा चालवायची पाटी केली. १८ मिलिमीटर प्लायचा ४० बाय २५ सेंटिमीटरचा तळ. त्यावर १२ मिलिमीटर प्लायचा दुसरा तुकडा, रुंदीला ७ सेंटिमीटर कमी, म्हणजे एका बाजूला रंध्यासाठी पट्टा मोकळा राहतो. वरच्या तुकड्यावर, त्या पट्ट्याशी बरोबर काटकोनात, एक जाड पट्टी स्क्रूने. कापलेली फळी पट्टीला टेकवायची, रंधा कुशीवर आडवा करून पट्ट्यावरून सरकवायचा. करवतीने तिरकं राहिलेलं टोक चार हातांत सरळ होतं. हिला शूटिंग बोर्ड म्हणतात.

काटकोन खरा आहे का हे बघायला महागडा गुण्याही लागत नाही. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारा. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारा. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

काय पुरतं

सुरुवातीला मला जे पुरलं असतं ते सांगते. एक जपानी र्‍योबा करवत, कारण तिच्या एका बाजूला रेषांच्या दिशेने कापायचे दाते असतात आणि दुसऱ्या बाजूला आडवे कापायचे. ती ओढताना कापते, ढकलताना नाही, एवढं हाताला शिकवावं लागतं. चार किंवा पाच नंबरचा एक रंधा. तीन पटाश्या: ६, १२ आणि २५ मिलिमीटर. गुण्या, समांतर रेघ मारायचं गेज, खुणेचा चाकू, दगड, चिकटवताना तुकडे आवळून धरणारे चार क्लॅम्प. लाकडी मोगरी स्वतः करा, पहिलाच नग म्हणून ती छान आहे.

पटाश्यांच्या संचाचा मोह फार. सहांचा संच, आठांचा संच, डब्यात मखमल. माझ्या अकरांपैकी तिसऱ्या रकान्यात नाव लागलं ते तिघींचं. साध्या सांध्यात खाचेची रुंदी फळीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. म्हणजे १८ मिलिमीटर फळीला ६ मिलिमीटरची पटाशी. छंदातल्या बहुतेक फळ्या त्याच जाडीच्या आसपास असतात. चौथी पटाशी अडेल तेव्हा एकटीही विकत मिळते.

बॅटरीवरच्या यंत्रांबद्दल एवढंच: पहिलं ड्रिल घेताना तुम्ही ड्रिल घेत नसता, बॅटरीचं घराणं घेत असता. दोन कंपन्यांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या सहसा एकमेकींना बसत नाहीत. मग ‘बॅटरी आहेच, नुसतं यंत्र घेऊ’ हा जप सुरू होतो. माझ्याकडे बॅटरीवरचा रेडिओ आहे. सुतारकामाचा रेडिओ!

जुनी गंजकी हत्यारं स्वस्तात आणून घासून चकाचक करणं हा गोड सापळा आहे. मी पाच महिन्यांत नऊ नग चकाचक केले आणि एकही फळी कापली नाही. तो स्वतंत्र छंद आहे, चांगलाही आहे. फक्त त्याला सुतारकाम म्हणू नका.

मोठ्या यंत्राचा मोह आला की टेप काढा. टेबलसॉवर, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या करवतीवर, २.४ मीटर लांबीचा प्लाय उभा चिरायचा तर पात्याच्या आधी २.४ मीटर आणि नंतर २.४ मीटर मोकळी जागा लागते. पाच मीटर होतात. माझी बाल्कनी तीन मीटर. टेप जमिनीवर पसरून, तिचं टोक बैठकीतल्या सोफ्याखाली गेलेलं बघितलं आणि पुन्हा ते नाव काढलं नाही. प्लाय विकत घेतानाच विक्रेत्याकडून उभ्या चिरा मारून घेते.

कुठे हात आखडू नये

डोळ्यांचा चष्मा, कानांचे बोळे, धुळीचा मास्क. लाकडाची धूळ ही साधी धूळ नव्हे. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेली आहे. सात रंधे असताना माझा मास्क म्हणजे जुना रुमाल होता, हे लिहिताना लाज वाटते. हिशेबात हा माझा सर्वांत वाईट शेरा. इथे तीन फुल्यांची वाट बघायची नाही.

सीटनची पेटी

हत्यारांच्या मोहाचा विषय निघाला की मला बेंजामिन सीटन आठवतो. १७९६ च्या डिसेंबरात या इंग्रज तरुणाच्या वडिलांनी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडून त्याला हत्यारांचा अख्खा संच घेऊन दिला. बेंजामिनने १७९७ मध्ये त्यासाठी कप्प्याकप्प्यांची सुंदर पेटी केली, हत्यारांची यादी लिहून ठेवली. ती पेटी आज इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या संग्रहालयात आहे. अभ्यासकांना ती अमोल वाटते, कारण त्या काळातला जवळजवळ पूर्ण संच तसाच्या तसा टिकलाय. आणि तो टिकला याचं कारण ती हत्यारं फारशी वापरलीच गेली नाहीत. माझी बाल्कनीही त्याच वाटेवर होती.

याउलट हेन्री स्टडलीची पेटी. फोटो तुम्ही पाहिला असेल, भिंतीवर टांगायच्या एका पेटीत तीनशेच्या आसपास हत्यारं, एकात एक अडकवलेली. बघून जीव कासावीस होतो. माझ्या फोनच्या पडद्यावर वर्षभर तोच फोटो होता. पण स्टडली पियानो बनवणारा कारागीर होता आणि रोज त्याच कामावर बसत होता. फोटोत हत्यारं दिसतात, पियानो दिसत नाहीत. मी फोटो बदलला. आता तिथे माझं डुगडुगतं स्टूल आहे.

जे आधीच घेतलंय त्याचं

गेलेला खर्च गेला. ‘एवढं घेतलंय तर वापरायलाच हवं’ म्हणून त्याच्याभोवती काम शोधू नका, नाहीतर त्याला लागणारे सुटे भाग घेत बसाल. मी न वापरलेली १९ हत्यारं खोक्यासकट विकली. खोकी सांभाळून ठेवली होती त्याचा उपयोग तेवढा झाला. मिळाले त्यात लाकूड आणलं. दोन रंधे एका नवशिक्या मैत्रिणीला दिले, पण धार लावायला शिकवल्यावरच. तिने विचारलं, “अगं, मग पाच नंबर पण घेऊ का गं?” मी तिला वही दिली.

उसनं मागायची लाज सोडा. मोठं गिरमिट, लांब क्लॅम्प, वर्षातून एकदा लागणारं काहीही. धार लावून परत दिलं की पुढच्या वेळी माणूस हसत देतो.

आणि वही कधीकधी ‘घे’ही म्हणते. क्लॅम्पच्या ओळीत तीन फुल्या दोन महिन्यांत झाल्या. ट्रे, बाक आणि चित्राची चौकट. चार क्लॅम्प आणखी आणले, त्या रात्रीच वापरले. खाचेचा तळ एकसारखा करायला राउटर रंधा लागतो, त्याच्या ओळीत, म्हणजे ‘खाच खडबडीत’च्या ओळीत, आज दोन फुल्या आहेत. पुस्तकांच्या मांडणीची फळी कोपऱ्यात उभी आहे, मापं लिहून झालीत, सहा आडव्या खाचा काढायच्यात. तिसरी फुली पडते का ते रविवारी कळेल. १२ मिलिमीटरच्या पटाशीला काल रात्री धार लावून ठेवलीय.